तू म्हणालीस, तीसुद्धा हळूच जायची

सातारा

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

नॉर्वेहून घरी येऊन तीन आठवडे झाले. इथे उन्हाचा चटका सुरू झालाय. तू घेऊन दिलेले लोकरीचे मोजे अजून पिशवीतून काढलेले नाहीत, काढावेसे वाटत नाहीत.

ट्रॉन्डहाइममधला तो शेवटचा रविवार आठवतो का? ट्राम लियानला थांबली आणि आपण उतरलो. सत्तरीच्या पुढची एक बाई शेजारणीशी गप्पा मारत स्कीवरून निघाली होती. बर्फात कोरलेल्या त्या दोन रुळांत तिच्या स्की बसल्या होत्या, आणि तिला कसलीही घाई नव्हती. मी म्हणाले, "ही व्यायाम करतेय की नुसती फिरायला निघालीय?" तू म्हणालीस, "आई, मारित ब्योर्गेनसुद्धा बहुतेक वेळ अशी हळूच जायची." एवढं बोलून तू लॅबचे मेसेज बघायला लागलीस. तुझ्या दृष्टीने विषय संपला. मला मात्र ते वाक्य विमानात झोपू देईना.

एकतीस वर्षं मी मुलींना मैदानावर पळवलं. जगातली एक सर्वांत यशस्वी स्कीपटू हळू जायची, हे माझ्या पोटात जाईना. म्हणून आल्यापासून तिच्याबद्दल मिळेल ते वाचतेय. इंग्रजी अडलं तिथे शेजारच्या मुलाला हाक मारली.

ती तुझ्या शहराच्या दक्षिणेच्या रोग्नेस गावची, १९८० चा जन्म. हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ पदकं, त्यातली ८ सुवर्ण. जागतिक स्पर्धांमध्ये १८ सुवर्णपदकं. पण ही यादी तुला पाठ असणार, तिथे ती शाळकरी पोरांनाही पाठ असेल. मी थांबले ते २००६ ते २००९ या वर्षांपाशी.

२००५ मध्ये ओबर्स्टडॉर्फच्या जागतिक स्पर्धेत तिने तीन सुवर्णं घेतली होती. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही विश्वचषकात ती एकूण गुणांत पहिली. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकला साऱ्या नॉर्वेचं लक्ष तिच्यावर होतं, आणि तिथे ती आजारी पडली. हाती लागलं एक रौप्य. मग उतरण सुरू झाली. २००९ मध्ये लिबेरेकच्या जागतिक स्पर्धेतून ती एकही पदक न घेता परतली. वय २९ होत आलेलं. अशा वेळी खेळाडूला काय वाटतं ते मला ठाऊक आहे, आणि अशा वेळी प्रशिक्षक काय सांगतो तेही. मी असते तर म्हणाले असते, "आणखी जोर लाव."

तिच्या सरावाची रोजची नोंद तिने ठेवली होती. किती तास, कोणत्या वेगाने, कशावर, सगळं. एक-दोन वर्षांची नाही, सतरा वर्षांची. त्या वह्यांवरून संशोधकांनी २०१७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. तुझ्याच विद्यापीठातले लोक त्यात आहेत. मी तो चार वेळा वाचला आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले. विसाव्या वर्षी ती वर्षाला साधारण ५२० तास सराव करायची. सर्वांत यशस्वी वर्षांत तो ९४० तासांच्या आसपास गेला. म्हणजे आठवड्याला अठरा तास. त्यातले सोळा-एक तास सहनशक्तीचे, बाकीचे बहुतेक ताकदीच्या व्यायामाचे. आणि त्या सोळा तासांपैकी शंभरातले नव्वदहून जास्त भाग संथ. जीव काढणारा सराव आठवड्याला जेमतेम सव्वा तास भरतो, मनू. मी आकडे पुन्हा पुन्हा करून पाहिले. सव्वाच येतो.

तिथे याला 'रूली लांगतूर' म्हणतात असं तू सांगितलं होतंस, शांतपणे केलेली लांबची फेरी. मला तेव्हा ते संत्री आणि चॉकलेट खिशात घालून निघायचं रविवारचं काहीतरी वाटलं. तो तिच्या कामाचा कणा होता हे आता कळतंय.

त्यामागचं कारणही समजून घेतलं. संथ आणि लांब सरावाने स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं. ही कामं तासांनी होतात, जोराने होत नाहीत. उलट रोज जोर लावला की दुसऱ्या दिवशी पाय जड असतात. मग त्या दिवशी धड वेगही येत नाही आणि धड विश्रांतीही होत नाही, सगळे दिवस एकसारखे मळकट होऊन जातात. माझ्या मैदानावर बहुतेक दिवस असेच होते. पोरींचा वेळ डिसेंबरनंतर का अडकतो, हे कोडं मला दरवर्षी पडायचं.

आणखी एक गोष्ट, जी स्कीवाल्यांना सांगावी लागत नाही. बर्फावर स्की घसरते, पाय आपटत नाही. उन्हाळ्यात ते रस्त्यावर चाकांच्या स्कीवर जातात, तेव्हाही पाऊल आदळत नाही. ओझं हातांत, पाठीत, पोटात वाटलं जातं. म्हणून शरीर अठरा तास सोसतं. मी तुला यवतेश्वरच्या घाटात डांबरावर पळवत होते. तास तिच्या अर्ध्याहूनही कमी होते, पण त्यातला एकही संथ नव्हता. "दम लागला नाही म्हणजे सराव झाला नाही," हे वाक्य माझं होतं. तुझ्या वर्गातल्या मुली त्याची नक्कल करायच्या, तेही मला माहीत होतं.

तू नववीत होतीस. नडगी दुखते म्हणून तू तीनदा सांगितलंस. मी तिन्ही वेळा म्हणाले, सुरुवातीला दुखतंच, बर्फ लाव. जिल्हा स्पर्धेला अकरा दिवस उरले होते आणि तुझा ३००० मीटरचा वेळ उतरत होता, माझं लक्ष तिथे होतं. मग एक्स-रेमध्ये हाडाला बारीक तडा निघाला. प्लास्टर निघाल्यावर तू बूट धुऊन माळ्यावर ठेवलेस, आणि आपण दोघी त्यावर कधीच बोललो नाही. मी तेव्हा मनात म्हणाले होते, पोरीत चिकाटी कमी पडली. चौदा वर्षं तसंच म्हणत राहिले. ते चूक होतं. चिकाटी तुझ्यात भरपूर होती, चुकला माझा सराव. हे मी तुला समोर बसून सांगायला हवं होतं. तिथे तुझ्या स्वयंपाकघरात दोनदा तोंडाशी आलं आणि मी भांडी घासायला उठले.

ब्योर्गेनचं पुढे काय झालं ते सांगते. लिबेरेकनंतर एका वर्षाने व्हँकुव्हरचं ऑलिंपिक. पहिल्या शर्यतीत कांस्य, मग स्प्रिंटमध्ये तिचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण, दोन दिवसांनी आणखी एक, मग रिलेचं. शेवटच्या ३० किलोमीटरमध्ये पोलंडच्या युस्तिना कोवाल्चिकने तिला एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी फरकाने मागे टाकलं. याच कोवाल्चिकने तिच्या दम्याच्या औषधावर जाहीर आक्षेपही घेतला होता. त्या औषधाला रीतसर परवानगी होती, तरी तो वाद बराच काळ तिच्यामागे राहिला. चार वर्षांनी सोचीच्या ऑलिंपिकमध्ये स्कीला लावायच्या मेणाचं गणित बिघडून नॉर्वेच्या स्की घसरेनात, महिलांची रिले पाचवी आली. तिथेही तिने तीन सुवर्णं मिळवली.

२०१५ च्या नाताळात तिला मुलगा झाला. तो सगळा हंगाम ती शर्यतीत उतरली नाही. २०१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाहतीच्या जागतिक स्पर्धेत चार सुवर्णं! छत्तीस वर्षांची आई. सुट्टीत सगळं हातचं जातं अशी भीती तुला वाटते ना? "दोन आठवडे लॅबमध्ये गेले नाही तर मागे पडेन," असं परवा फोनवर म्हणालीस. तिने एक अख्खा हिवाळा सोडला होता.

पण माझ्या डोळ्यांसमोर सर्वांत जास्त राहतं ते प्योंगचांग. २५ फेब्रुवारी २०१८, ऑलिंपिकचा शेवटचा दिवस, ३० किलोमीटर, पारंपरिक शैली. मी ती शर्यत यूट्यूबवर दोन वेळा पाहिली. ती पुढे निघाली आणि मग कॅमेऱ्यात तिच्यामागे कुणी दिसेना. नुसतं पांढरं. दुसरी आलेली फिनलंडची क्रिस्ता पार्मकोस्की तब्बल एक मिनिट एकोणपन्नास सेकंदांनी मागे होती. दीड तासाच्या आत संपणाऱ्या शर्यतीत हे अंतर म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. पुढच्याच महिन्यात तिला ३८ वर्षं पूर्ण झाली, आणि त्या वसंतात तिने निवृत्ती जाहीर केली. त्या दिवशीचे तिचे हात मी पाहत होते. घाई कुठेच नव्हती. काठी रोवायची, ढकलायची, सोडायची. इतकी वर्षं इतक्या संथ तासांत तीच हालचाल केल्यावर ती अशी अंगात मुरते.

तुझ्याकडे होते तेव्हा रात्री साडेअकराला तू लॅबमधून यायचीस. रविवारीसुद्धा लॅपटॉप उघडून बसायचीस आणि मिटलास की अपराधी चेहरा करायचीस. "आज काहीच केलं नाही" हे तू ज्या स्वरात म्हणायचीस, तो स्वर माझा आहे. मैदानावरचा. तो तुला मी दिला. म्हणून हे पत्र लिहितेय, नाहीतर फोन होताच.

तुझ्या प्रयोगांतलं मला कळत नाही आणि काम सोड असं मी म्हणणार नाही. ब्योर्गेन आळशी नव्हती, वर्षाला ९४० तास कमी नव्हेत. फक्त एवढंच विचारते, तुझ्या आठवड्यात संथ तास कोणते आहेत? ज्यात वाचलेलं मुरेल, चुकलेल्या प्रयोगाकडे भीती न बाळगता बघता येईल, कुणाशी बोलता येईल? नसतील तर गाइडबाईंशी बोल. तू सांगतेस त्यावरून त्या ऐकून घेतील असं वाटतं.

सकाळी सहा मुली अजून माझ्याकडे मैदानावर येतात. दोन आठवड्यांपासून मी नियम बदललाय. चार दिवस असं पळायचं की शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, जोराचा एकच दिवस. पहिल्या दिवशी त्या गोंधळल्या, एकमेकींकडे बघायला लागल्या. काल त्यांतली सर्वांत लहान पाच किलोमीटरभर आपल्या शेळीच्या बाळंतपणाची गोष्ट सांगत होती आणि मैदानाला फेऱ्या मारत होती. तीन करडं झालीत. एकीची नडगी दुखते म्हणाली, तिला त्याच क्षणी थांबवलं आणि दुपारी स्वतः डॉक्टरांकडे नेलं.

भाजणी आणि मेतकूट पाठवलंय, पोचलं की कळव. येत्या रविवारी ट्रामने लियानला जा. लॅपटॉप घरी ठेव. स्की येत नसली तर चाल. वाटेत कुणाशी काय बोललीस ते मला लिही.

तुझी,
आई