चवीचा निकाल आणि त्याचे कारण

मा. संपादक,
सादर नमस्कार.

दूरचित्रवाणीवरील पाककला स्पर्धांविषयी आपल्या पुरवणीत अलीकडे आलेला लेख वाचला. हे कार्यक्रम म्हणजे रडारड, आरडाओरडा आणि जाहिराती यांचे मिश्रण असून ते आवडीने पाहणाऱ्यांना स्वयंपाकात रस नसतो, असा लेखकाचा सूर आहे. पहिल्या आक्षेपाशी मी बरीचशी सहमत आहे. दुसरा मात्र मान्य करता येत नाही, कारण हे कार्यक्रम मी अनेक वर्षे न चुकता पाहत आले आहे आणि मला त्यात खटकते ते नेमके उलटे आहे : प्रेक्षकाला स्वयंपाकात जेवढा रस असतो, तेवढा स्वयंपाक त्याला दाखवला जात नाही.

हा रस किती खोल असू शकतो, याचे एक उदाहरण देते. ऑस्ट्रेलियात २०१० साली सार्वत्रिक निवडणुकीच्या प्रचारात दोन प्रमुख नेत्यांमधील दूरचित्रवाणीवरील वादसभा आणि 'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया'ची अंतिम फेरी जुलैमधल्या एकाच रविवारी संध्याकाळी आली, तेव्हा वेळ बदलली ती वादसभेची. देशाचा पंतप्रधान कोण होणार, याची चर्चा अलीकडे ओढून घेतली गेली आणि स्वयंपाकाची अंतिम फेरी ठरल्या वेळी झाली. यावर हसावे की चिंता करावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण एवढ्या लोकांना केवळ रडारड पाहायची होती, असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

खेळाच्या सामन्यात आणि या स्पर्धांत एक मूलभूत फरक आहे. धावपटू किती वेळात पोहोचला, चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते आणि पंचाचा निर्णय चुकला तर तो घरबसल्या त्याच्याशी भांडू शकतो. स्वयंपाकाच्या स्पर्धेत ज्या गोष्टीवर निकाल लागतो ती चव आणि तो वास पडद्यातून येत नाही; ती सगळी परीक्षकाच्या जिभेवर असते. परीक्षक एक घास घेतो, डोळे मिटतो, चमचा खाली ठेवतो, स्पर्धकाकडे रोखून पाहतो, आणि तेवढ्यात जाहिराती लागतात. जाहिराती संपल्यावर तोच घास पुन्हा दाखवला जातो आणि मग "मी निराश झालो आहे" एवढे वाक्य ऐकू येते. अशा एका प्रसंगी माझ्या मुलीने वैतागून विचारले होते, "आई, म्हणजे मीठ कमी पडलं की जास्त झालं?" त्या भागात याचे उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही.

प्रेक्षकाला स्वतः पडताळून पाहता येईल अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे घड्याळ. म्हणून सारा भर घड्याळावर येतो. 'चॉप्ड' या अमेरिकी कार्यक्रमात टोपलीतून निघालेले चार पदार्थ वापरणे सक्तीचे असते. पहिल्या फेरीला २० मिनिटे आणि पुढच्या दोन फेऱ्यांना प्रत्येकी ३० मिनिटे मिळतात. वेळेची मर्यादा असण्याला माझी हरकत नाही, कारण मोठ्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला घाई चुकत नाही. पण ज्याला घाई चालत नाही, असे पुष्कळ काही त्यामुळे पडद्यावरून नाहीसे होते. पीठ फुगण्याची वाट पाहणे, मंद आचेवर तासन् तास काढलेला अर्क, भाजलेले मांस कापण्याआधी काही वेळ तसेच ठेवून देणे, हे सगळे बघणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल असे निर्मात्यांनी गृहीत धरलेले दिसते. खरे तर ओव्हनच्या काचेसमोर उकिडवा बसून आत टक लावून पाहणारा स्पर्धक मला धावाधाव करणाऱ्या स्पर्धकापेक्षा नेहमीच जास्त उत्कंठावर्धक वाटला आहे.

माझे म्हणणे एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. एका भागात एक तरुण स्पर्धक साखरेचे कॅरॅमल करत होता. पातेल्याच्या कडेने साखर विरघळू लागली, कडांना पिवळसर रंग चढला, त्याने पातेले तिरके करून मधली साखर कडेला आणली, आणि नेमक्या त्या क्षणी कॅमेरा पातेल्यावरून उठून त्याच्या कपाळावरच्या घामावर गेला. मग घड्याळ, मग परीक्षकांची कुजबुज, मग वरच्या सज्जात हात जोडून उभे असलेले इतर स्पर्धक. कॅमेरा परत पातेल्यावर आला तोवर पाक गडद तपकिरी झाला होता. पुढे परीक्षक म्हणाले, "कडवट आहे," आणि तो मुलगा घरी गेला. साखर साधारण १६० अंश सेल्सिअसच्या आसपास रंग धरू लागते, सोनेरी ते करपलेले हे अंतर ती फार थोड्या वेळात कापते, आणि आचेवरून उतरवल्यावरही तापलेल्या पातेल्यात ती शिजतच राहते. म्हणून हवा तो रंग येण्याच्या किंचित आधी पातेले उतरवायचे, किंवा त्याचा तळ थंड पाण्यात टेकवायचा, किंवा लगेच त्यात मलई ओतून तापमान खाली आणायचे. त्या मुलाने यातले काय केले नाही, हे सांगायला दोन वाक्ये पुरली असती. तीच दोन वाक्ये ऐकण्यासाठी आम्ही तासभर बसलो होतो.

माझ्या सासूबाई हे कार्यक्रम आवाज बंद करून पाहतात. श्रवणयंत्रात ते दणदणाटी पार्श्वसंगीत त्यांना सहन होत नाही, एवढेच त्याचे साधे कारण. पण त्यामुळे त्यांचे लक्ष चेहऱ्यांवरून हातांवर गेले आहे. "अगं, हिच्या पातेल्याचा तळ पातळ आहे, हिचं लागणार," किंवा "याने कढईत एकदम सगळं टाकलं, आता पाणी सुटेल आणि भाजायच्या ऐवजी उकडेल," असे त्या आधीच सांगून मोकळ्या होतात, आणि बाद कोण होणार याचा त्यांचा अंदाज आवाज ऐकणाऱ्या आमच्यापेक्षा अधिक वेळा बरोबर ठरतो. पदार्थाला खमंग तांबूस रंग येण्यासाठी पृष्ठभाग कोरडा आणि बराच तापलेला असावा लागतो; भांड्यात गर्दी झाली की सुटलेल्या पाण्यामुळे तापमान उकळबिंदूपाशी अडकून राहते, हे शास्त्र त्यांनी पुस्तकात वाचलेले नाही. त्यांना ते दिसते. कॅमेरा हातांवर टिकला तर ते इतरांनाही दिसू लागेल.

असे दाखवणे शक्यच नाही, हेही खरे नाही. जपानच्या फुजी वाहिनीवर १९९३ साली सुरू झालेल्या 'आयर्न शेफ'मध्ये भपका काही कमी नव्हता. चकाकत्या पोशाखातला यजमान, झाकण उचलून जाहीर होणारा मुख्य घटक आणि त्यावरून अनेक पदार्थ करण्यासाठी दिलेली ६० मिनिटे, असा सगळा थाट होता. पण मुख्य निवेदकाच्या शेजारी युकिओ हात्तोरी हे पाककला विद्यालयाचे प्रमुख बसलेले असत आणि समोर काय चालले आहे, ते कशासाठी, याचे विवेचन ते चालू लढतीतच करत. ओट्याजवळून धावती बातमी देणारा वार्ताहर मध्येच निवेदकाला हाक मारून आचाऱ्याने नुकतेच भांड्यात काय घातले ते सांगे. हे खऱ्या अर्थाने धावते समालोचन होते. पुढच्या अनेक कार्यक्रमांनी त्यातले घड्याळ आणि झाकण उचलले, समालोचक मात्र तिथेच सोडला.

ब्रिटनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'चा उल्लेख करायलाच हवा. त्यातील एका फेरीत सगळ्या हौशी स्पर्धकांना एकच कृती दिली जाते, पण तिच्यातले तपशील मुद्दाम गाळलेले असतात. "भाजा" एवढेच लिहिलेले, किती वेळ ते नाही. पदार्थ कोणाचा आहे हे परीक्षकांना माहीत नसते, ते शेवटच्या क्रमांकापासून वर येत निकाल लावतात, आणि पाव कापून त्याच्या आत अंगठा दाबून कच्चेपणा दाखवतात. प्रेक्षकालाही तो दिसतो. विजेत्याला रोख रक्कम मिळत नाही, केक ठेवायचे स्टँड आणि फुले मिळतात, तरी चुरशीत उणे काही जाणवत नाही.

याच कार्यक्रमात २०१४ साली एक गोंधळ झाला, तोही माझ्या मुद्द्याला धरूनच आहे. एका स्पर्धकाचे आइस्क्रीम फ्रीझरबाहेर राहून वितळले, त्याने संतापाने सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि परीक्षकांपुढे तो डबाच नेऊन ठेवला. तो बाद झाला. चित्रफितीच्या जोडणीवरून प्रेक्षकांचा समज झाला की दुसऱ्या एका स्पर्धक महिलेने ते आइस्क्रीम बाहेर काढून ठेवल्यामुळेच हे घडले. तिच्यावर टीकेचा भडिमार झाला आणि बीबीसीकडे शेकडो तक्रारी गेल्या. ते आइस्क्रीम तिच्यामुळे जेमतेम ४० सेकंद बाहेर होते, असे सूत्रसंचालिकेने नंतर सांगितले. हा एक आकडा त्याच भागात सांगितला असता तर पुढचे बरेचसे टळले असते.

आणखी दोन गोष्टी निर्मात्यांनी उघड कराव्यात. चित्रीकरणाच्या सोयीमुळे मांडलेला पदार्थ परीक्षकांपुढे जाईपर्यंत अनेकदा निवलेला असतो, म्हणून पुष्कळ कार्यक्रमांत परीक्षक ओट्यांमधून फिरतानाच गरम पदार्थाची चव घेतात. मग निकाल कोणत्या घासावर लागला, हे पडद्यावर एका ओळीत लिहायला काय हरकत आहे? दुसरे, "दोनच मिनिटं उरलीत आणि माझे हात थरथरताहेत" हे स्पर्धकाचे वर्तमानकाळातले निवेदन नंतर, केस विंचरून शांतपणे बसून दिलेले असते. ते भूतकाळात दिले तर भाषाही शुद्ध राहील.

राहता राहिली आपल्याकडून अपेक्षा. आपल्या वृत्तपत्रात क्रिकेटच्या सामन्याचा वृत्तांत खेळ जाणणारा माणूस लिहितो आणि गाण्याच्या मैफलीचे परीक्षण गाण्यातले कळणारी व्यक्ती करते. पाककला स्पर्धांवर मात्र कोण रडले, कोण कोणाला काय बोलले, एवढेच छापून येते. एखाद्या अनुभवी आचाऱ्याला किंवा पाकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेला आठवड्यातून एकदा यातला एक भाग पाहायला बसवावे आणि कोणाचे काय चुकले व का, हे अर्ध्या स्तंभात लिहून घ्यावे. कॅरॅमल करपवून घरी गेलेल्या त्या मुलापासून सुरुवात केलीत, तर आमच्या घरातले किमान तीन वाचक नक्की आहेत.

आपली,
एक नियमित वाचक