मामू, क्रँक परत पाठवलीत म्हणून

मामू, सलाम.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "चल, चहा घे" म्हणता आणि विषय बंद होतो. म्हणून हे सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. नातवाकडून वाचून घ्या.

इतरांसाठी थोडं सांगतो. आमची रेसची गाडी म्हणजे संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जोडणी झालेली जुनी ऑक्टाव्हिया, 1.8 लिटर, वीस वाल्व, टर्बो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एका लांब उजव्या वळणातून बाहेर पडताना इंजिननं ठोकायला सुरुवात केली. मी गाडी बंद करेपर्यंत तिसऱ्या सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग रॉडमध्ये फिरलं होतं. क्रँक म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, रॉड म्हणजे पिस्टनला त्याच्याशी जोडणारी दांडी, आणि हे बेअरिंग म्हणजे त्या दोघांमधल्या दोन अर्धगोल पट्ट्या, त्यांनाच शेल म्हणतात. हजाराहून जास्त किलोमीटर ट्रेलरवर टाकून गाडी संभाजीनगरला आणली. एका मोठ्या शहरातले दुकानवाले "क्रँक द्या, दोन दिवसांत घासून देतो" म्हणत होते. जालन्याला तुमच्या क्रँक घासायच्या दुकानात आलो तो निव्वळ पैसे वाचवायला, हे आज कबूल करून टाकतो.

तुमच्या दारात ट्रॅक्टरच्या आणि ऊसाच्या ट्रकच्या क्रँका रांगेत पडलेल्या. मे महिना. मी घाई करायला लागलो तर तुम्ही एका शेतकऱ्याकडं बोट दाखवलंत. "त्याचा ट्रॅक्टर मिरगाच्या आधी उभा राहिला पायजे. तुझी गाडी तर खेळायची." राग आला होता, खोटं कशाला बोलू.

मग तुम्ही क्रँकेला हातही न लावता म्हणालात, "बेअरिंगचे शेल दाखव." मी पिशवीत आणले होते, तेही फेकायला विसरलो होतो म्हणून. ते घेऊन तुम्ही उन्हात गेलात, चष्मा कपाळावर चढवून एकेक शेल तिरपा धरून पाहिलात. क्रँक इंजिनात ज्यांवर फिरते ते मेनचे शेल जवळपास चांगले, रॉडचे चारही पुसल्यासारखे, तिसरा तर तांबूस आणि पातळ. "कचऱ्यानं गेलं असतं तर रेघोट्या असत्या. हे तेलाविना गेलंय. तेल कामून गेलं नाही ते शोध, मग ये. तोवर मी मशीन चालू करत नाही." आणि क्रँक परत माझ्या गाडीत ठेवायला लावलीत.

त्या रात्री अंबड रोडच्या ढाब्यावर तुम्हाला किती शिव्या घातल्या, ते नातू वाचेल म्हणून लिहीत नाही.

पण उत्तर मला ठाऊकच होतं, मामू. ऑइल प्रेशरचा काटा त्या वळणात दर लॅपला खाली झुकायचा आणि मी म्हणायचो, वायरिंगचा घोळ असेल. गाडीची उंची कमी केली तेव्हा इंजिनखालचा तेलाचा चेंबर जमिनीला लागायला लागला, म्हणून आम्हीच तो कापून उथळ केला होता आणि आतला आडवा पत्रा काढून टाकला होता. वळणात सगळं तेल डाव्या भिंतीवर चढायचं आणि पंपाचा स्ट्रेनर, म्हणजे तेल ओढायची जाळी, हवा ओढायचा. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत: "पाण्याच्या टँकरच्या आत आडवे पत्रे कशाला असतात रे?" मराठवाड्यात जन्म काढला, उन्हाळाभर दारात टँकर पाहिले, आणि हे मला सुचलं नाही!

वाळूजच्या एका वेल्डरकडून नवीन चेंबर करून घेतला. स्ट्रेनरभोवती चार कप्पे, कप्प्यांना आतल्या बाजूलाच उघडणाऱ्या झडपा, आणि लिटरभर जास्त तेल. तो घेऊन आलो तेव्हा कुठं तुम्ही क्रँक मशीनवर चढवलीत.

रॉडचा जर्नल, म्हणजे क्रँकेवर रॉड बसतो तो गोल भाग, जेमतेम 48 मिलिमीटरचा. तो पाव मिलिमीटर उतरवायचा होता. आधी तुम्ही भेगा तपासून आणायला लावल्यात. मग घासायच्या दगडाचा कोपरा हिऱ्यानं गोल करत बसलात, मला वाटलं वेळ काढताय. जर्नल जिथं क्रँकेच्या भिंतीला मिळतो तिथली गोलाई मोडून काटकोन झाला की क्रँक तिथूनच तुटते, हे तुम्ही एक तुटलेली क्रँक हातात देऊन समजावलंत. निळा पडलेला तिसरा रॉड तर थेट भंगाराच्या डब्यात टाकलात आणि म्हणालात, चारही नवे घे, एका वजनाचे.

मला सगळ्यात जास्त आठवते ती मोजमापाची पहाट. तुम्ही सांगितलंत, क्रँक, रॉड, शेल, मायक्रोमीटर, सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवायचं आणि उजाडायच्या आत मोजायचं. मला ते जुन्या माणसाचं खूळ वाटलं. घरी येऊन हिशेब केला. लोखंड एका अंशाला मीटरमागं साधारण 12 मायक्रॉन वाढतं. म्हणजे 48 मिलिमीटरचा जर्नल उन्हानं वीस अंश जास्त तापला असेल तर अकरा मायक्रॉनची चूक. जर्नल आणि शेलमध्ये तेलासाठी आपल्याला मोकळीक ठेवायची होती पन्नास मायक्रॉनच्या आसपास! दुपारी बेचाळीस डिग्रीत मोजलं असतं तर आकडे कागदावर झकास दिसले असते, इतकंच.

त्याच पहाटे तुम्ही शेलच्या काठावरच्या कानाबद्दलचा माझा गैरसमजही काढलात. मी समजायचो तो छोटा कान शेलला फिरू देत नाही. तो फक्त बसवताना जागा दाखवतो. धरून ठेवतो तो दाब, शेल रॉडच्या भोकापेक्षा किंचित मोठा असतो म्हणून बोल्ट आवळल्यावर येणारा. त्यासाठी बोल्ट नवेच पाहिजेत. एकदा ताणलेला बोल्ट तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलात.

ऑइल कूलरवरून आपलं भांडण झालं. महाग होता, मी डिझेलनं तीनदा धुतला होता. तुम्ही त्यात पेट्रोल ओतलंत, हलवलंत आणि पांढऱ्या फडक्यावर उपडं केलंत. फडकं बेअरिंगच्या कणांनी चमकायला लागलं. मी गप्प बसलो. नवा कूलर घेतला, आणि टर्बोचा आतला भागही बदलला; त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, तोही त्याच तेलावर.

सुरू करायच्या दिवशी तुम्ही आला नाहीत, दुकानात गर्दी होती. तुम्ही सांगितलं तसं केलं. प्लग काढले, पेट्रोल बंद ठेवलं, काटा वर येईपर्यंत नुसता स्टार्टर मारला. मग प्लग लावले आणि इंजिन पहिल्याच सेल्फला चालू झालं. वीस मिनिटांनी बंद करून तेल काढलं, आत धातूचे कण आहेत का ते बघायला तेलाचा फिल्टर कापला. कागदावर बसवताना लावलेलं ग्रीस आणि दोन-चार बारीक कण, बास. दुसऱ्यांदा कापला तेव्हा तेही नव्हते. आता त्या वळणात काटा हलत नाही. मी मात्र अजून दर लॅपला त्याच्याकडंच बघतो, आणि त्यापायी एकदोन जागा गमावल्यात.

पैसे घेताना तुम्ही ट्रॅक्टरच्या क्रँकेचाच भाव लावलात. वर जास्त ठेवले तर नोटा परत माझ्या खिशात कोंबल्यात. तो तिसरा शेल मात्र मागून घेतलात, नवीन पोरांना दाखवायला. तो राहू द्या तुमच्याकडं. येत्या रविवारी जालन्याला येतोय, दुसरा कापलेला फिल्टर घेऊन. उन्हात तिरपा धरून बघा.

तुमचा,
ऑक्टाव्हियावाला पोरगा