हेड खोलल्याशिवाय विसार देऊ नकोस

शिवाजी पेठ,
कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले त्याच आठवड्यात तू घ्यायची म्हणतोस ती डिझेल गाडी मी दोनदा पाहून आलो. माझे मत आधीच सांगतो, कारण तू त्याचीच वाट पाहत असशील. मालक मागतो त्या एक लाख नव्वद हजारांना ती गाडी घेऊ नये. आणि किंमत उतरली, तरी इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे जड झाकण, खोलून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय विसार म्हणून एक रुपयाही देऊ नये.

पहिल्या दिवशी मी सकाळी सातला गेलो. इंजिन थंड असतानाच पाहायचे आहे असे आदल्या रात्री सांगून ठेवले होते, तरी बॉनेटवर हात ठेवला तर ते कोमट लागले. मी तसाच परत आलो आणि दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या आपल्या मिस्त्रींना घेऊन सहालाच दारात उभा राहिलो. मिस्त्रींनी कूलंटच्या टाकीचे झाकण काढून गाडी चालू करायला सांगितली. मिनिटभरातच पाण्यातून बुडबुडे येऊ लागले आणि ते थांबेनात. मग झाकण लावले, तर इंजिन नीट तापलेही नव्हते तोवर रेडिएटरचा वरचा होज पाइप फुगून कडक झाला. माझा हात धरून त्यांनी तो मला दाबायला लावला. सिलिंडरमधला दाब पाण्याच्या वाटेत शिरत असल्याची ही खूण आहे, असे ते म्हणाले. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, चिकट थर होता. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या चांगल्या गाडीच्या झाकणाखालीही दमटपणाने असा थर धरतो, म्हणून त्यांनी डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. जुन्या डिझेल गाडीचे ऑइल काळेभोर असायला हवे. फडक्यावर उमटलेला डाग दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा होता, आणि ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली होती.

हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि त्याखालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर, गेले आहे हे मालकाने तुला आपणहून सांगितले, त्यामुळे त्याला लबाड म्हणायला माझे मन होत नाही. पंधरा-वीस हजारांचे काम आहे, असेही तो मनापासून समजतो. मात्र हे कधीपासून चालले आहे असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘सहा महिने झाले असतील, रोज लिटरभर पाणी घालतो.’ माझा निर्णय खरे तर या एका वाक्याने झाला. गॅस्केट गेले त्याच दिवशी गाडी उभी केली असती, तर खर्च बहुधा गॅस्केटवरच भागला असता. पण अशा गाड्यांत बहुधा हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असतो. सारख्याच उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, आणि इंजिन वारंवार तापले की हेडला बाक येतो. बाक आलेल्या हेडखाली नवे गॅस्केट बसवले तर तेही टिकत नाही. शिवाय सहा महिने कूलंटऐवजी नळाचे पाणी घातल्याने आतल्या वाटा गंजल्या असणार, आणि ऑइलमध्ये पाणी मिसळल्यावर क्रँकच्या बेअरिंगना लागणारा तेलाचा पापुद्रा नीट टिकत नाही. ती झीज वरून दिसत नाही. दोष माहीत आहे म्हणून आपण निर्धास्त होतो, पण त्या दोषाने आत आणखी काय काय खाल्ले आहे ते मालकालाही माहीत नाही.

मिस्त्रींचा हिशेब असा आहे: नशीब चांगले असेल तर हेड उतरवणे, प्रेशर टेस्ट, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणे) आणि गॅस्केट मिळून पंचवीस हजार, बेअरिंग, रिंगा आणि पिस्टनपर्यंत गेले, म्हणजे हाफ इंजिनाचे काम निघाले, तर पंच्याहत्तर हजार, आणि ब्लॉकला तडा असेल तर त्यांनी आकडा सांगितलाच नाही. मूळ किंमत आणि पंच्याहत्तर हजार मिळवले की दोन लाख पासष्ट हजार होतात, आणि तेवढ्या पैशांत त्याच वयाची बिनतक्रार चालणारी गाडी शोधता येईल. नेहमीच्या मोटार विम्यात अपघात बसतो, असा आतला बिघाड बसत नाही, तेव्हा तिकडूनही आधार नाही.

आणि तू ही गाडी घेतो आहेस ती काकूंना दर पंधरा दिवसांनी वैभववाडीहून इथे दवाखान्यात आणण्यासाठी. करूळ घाट चढताना इंजिनावर सर्वांत जास्त ताण येतो, आणि गाडी तापायची असेल तर ती नेमकी तिथेच तापणार. पावसात, धुक्यात, एका बाजूला दरी असलेल्या वळणावर काकूंना गाडीत बसवून तू बॉनेट उघडून उभा आहेस, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गाडी फक्त कोल्हापूर शहरात फिरवायची असती, तर मी कदाचित इतका अडून बसलो नसतो.

म्हणून मी तुझ्या वतीने मालकाला एवढेच सांगितले आहे: गाडी टो करून उद्यमनगरात आणावी, हेड आपल्या समोर उतरवावे आणि त्याची मजुरी आपण द्यावी. मिस्त्री सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून बाक मोजतील, ऑइल चेंबर उतरवून बेअरिंग पाहतील. हाफ इंजिनावर भागत असेल तर एक लाख दहा हजार, ब्लॉकला तडा निघाला तर व्यवहार नाही. आरसी बुकावर बँकेचा बोजा अजून दिसतो. कर्ज फिटले असले तरी बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करण्यात अर्थ नाही, हेही त्याच्या कानावर घातले आहे.

रविवारपर्यंत विचार करून कळवतो, असे तो म्हणाला. त्याने तुला परस्पर फोन केला तर किमतीचा शब्द काढू नकोस, माझ्याकडे पाठव. दवाखान्याची पुढची तारीख मात्र लगेच कळव. त्या दिवशी मी माझी गाडी घेऊन पहाटे निघतो आणि काकूंना घ्यायला वैभववाडीला येतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जिवाभावाचा मित्र