आम्ही शेजारी राष्ट्र असतो तर...

माननीय केंद्रीय जलशक्ती मंत्री यांस,
सा. न.

परवा माझ्या धाकट्या भावाला सरकारी उत्तर आलं: 'आपले घर डूब क्षेत्राबाहेर असल्याने भरपाई देय नाही.' साहेब, मध्य प्रदेशातल्या बडवानीजवळचं हे नर्मदाकाठचं घर म्हणजे माझं माहेर. २०२३ च्या सप्टेंबरात सरदार सरोवराचं पाणी ओसरी ओलांडून देवघराच्या फळीपर्यंत चढलं. पंचनामा झाला, 'महिन्याभरात काम होईल' असा शब्दही मिळाला. आता कागदावर आम्ही कोरडे!

आई तेव्हापासून इंदुरात माझ्या दोन खोल्यांत आहे. तिकडे न बोलावता घरात शिरलेली नर्मदा इथे जलूदहून पंपाने येते, तीही एकाआड एक दिवस. बिल वेगळं.

तिबेटातल्या मेदोगला चीन यारलुंग सांगपोवर, म्हणजे आपल्याच ब्रह्मपुत्रेवर, ६० हजार मेगावॅटचा वीजप्रकल्प उभारतोय म्हणून आपलं सरकार त्याच्याकडे पारदर्शकता आणि सल्लामसलत मागतं. मागावीच. पण १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत अनेक देशांतून वाहणाऱ्या नद्यांसाठीच्या जलप्रवाह करारावर मतदान झालं तेव्हा शंभरावर देश बाजूने होते, चीन, तुर्कस्तान, बुरुंडी विरोधात, आणि आपण तटस्थ! २०१४ मध्ये करार लागू झाला, तरी आपण बाहेरच. त्याचं २८ वं कलम म्हणतं की पुरासारखं संकट आलं तर झळ पोचू शकणाऱ्या देशांना विनाविलंब, मिळेल त्या जलद मार्गाने कळवा. आमच्या गावात दवंडीसुद्धा पिटली नाही. शेजारी राष्ट्र असतो तर निदान फोन आला असता.

जग वरच्या देशाला भितं, आम्हाला खालच्या, गुजरातेतल्या धरणाने बुडवलं. राज्यांत नर्मदेचं पाणी वाटून देणाऱ्या लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात मध्य प्रदेशाला १८.२५ दशलक्ष एकर-फूट पाणी मिळालं, गुजरातला ९. पुढे कुणीतरी बॅकवॉटरची, म्हणजे धरणामागे पाणी कुठवर चढेल याची, रेषा खाली ओढली आणि पंधरा-सोळा हजार कुटुंबं एका फटक्यात 'बाहेर' गेली. पाण्याला तेवढं कळवायचं राहिलं. ४५ वर्षांनी निवाड्याचा फेरविचार करता येईल असं त्यातच लिहिलंय. ती वर्षं सरली, हालचाल कुठे आहे? की बुडणाऱ्याने आधी आपण बुडाल्याचा दाखला आणायचा, हीच या देशाची रीत?

बांगलादेशाशी झालेला १९९६ चा गंगेच्या पाणीवाटपाचा करार डिसेंबर २०२६ मध्ये संपतो. त्यासाठी समित्या बसतील, दौरे निघतील. त्यातला एक मोजणीदार बडवानीला पाठवा. भाऊ घरीच असतो, शेत गेल्यापासून.

आपली,
निमाडची एक माहेरवाशीण, इंदूर