लेकराचे श्वास मोजता यायला हवेत

महोदय,

थंडी पडू लागली की पुरवण्यांमध्ये काढ्यांच्या पाककृती झळकतात. लेकराचे श्वास कसे मोजायचे, हे मात्र क्वचितच छापून येते. न्यूमोनियाची शंका घरच्या घरी येण्यासाठी तेच सर्वांत उपयोगी.

मूल शांत किंवा झोपलेले असावे. रडताना, दूध पिताना किंवा ताप चढलेला असताना आकडा फुगतो. झबले वर करा, पोटाकडे पाहा आणि घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चाराने गुणू नका. तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच पळतो, हिशेब चुकतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, मग वर्षापर्यंत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे पुन्हा एकदा मोजा. आकडा तोच आला तर थेट रुग्णालय.

सूज आलेल्या फुप्फुसात दर श्वासाला हवा कमी जाते, म्हणून शरीर श्वासांची संख्या वाढवते. तेही पुरेनासे झाले की जोर लावताना लवचिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. आजीबाई म्हणतात, 'पोट उडतंय'. निरीक्षण अचूक, पण त्यावर बिब्बा किंवा तापल्या विळ्याचा चटका हा उपाय नव्हे. पोट असे उडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा उठवूनही उठत नसेल, तर १०८ला फोन करा.

नुसती घरघर बहुधा चोंदलेल्या नाकाची असते. सलाईनचे थेंब टाका, नाक मोकळे करा, मग मोजा. पिवळा शेंबूड दिसला म्हणून अँटिबायोटिक लागतेच असे नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचे औषध मनाने देऊ नये, वर्षाच्या आत मध तर मुळीच चाटवू नये. सर्दीनंतरचा खोकला रेंगाळतो. पण दोन आठवडे उलटले तर क्षयाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सोबत घरात खोकणाऱ्या आजोबांनाही न्या, कारण मुलांना क्षय बहुधा घरातल्या मोठ्यांकडूनच लागतो.

आणि करोनाकाळात घरात आलेला ऑक्सिमीटर मोठ्यांच्या बोटाच्या मापाचा आहे. तान्ह्याच्या बोटावर तो नीट बसत नाही. त्याने ९९ दाखवले तरी पोट उडत असेल तर निघा.

– एक बालरोगतज्ज्ञ, अमरावती