वाईचा घाट आणि वॉपिंगच्या पायऱ्या

वाई,
आश्विन वद्य १

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

निबंधाचा खर्डा दोनदा वाचला. घरची एक जागा, परदेशातली एक जागा, आणि त्या तुझ्या का. प्रश्न एवढाच आणि शब्द पंधराशे. जागा तू बरोबर निवडल्यास. पण पहिल्याच परिच्छेदात ‘कृष्णेच्या घाटावरची प्रसन्न शांतता’ आली आहे, ती आधी खोड. हे वाक्य नाशिकला, पंढरपूरला, नरसोबाच्या वाडीला कुठेही चिकटेल. आणि गणपती आळीच्या घाटावर शांतता असते कधी?

शब्दापासूनच सुरू कर. तिकडच्या वाचकाला ‘घाट’ म्हणजे काशीच्या पायऱ्या एवढंच माहीत असतं. वाईत दोन्ही घाट आहेत: नदीत उतरणारा, आणि पाचगणीला चढणारा पसरणीचा. एका वाक्यात हे सांगून टाक, पुढे गोंधळ होणार नाही. नदीचे घाटही एक नव्हे, सात. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही अशा आळ्यांच्या नावांनी ओळखले जाणारे. कृष्णाबाईचा उत्सवसुद्धा घाटाघाटाने पाळीने होतो. म्हणून ‘वाईचा घाट’ असं मोघम लिहू नकोस. तुझा घाट गणपती आळीचा, तेच नाव घाल.

मग ढोल्या गणपतीचं देऊळ. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलं हे तू लिहिलंस. ते कुणीही लिहील. देवळाची मागची भिंत मात्र तुझ्याकडून सुटली आणि खरी गोष्ट तीच आहे. ती सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. देऊळ अगदी पात्राच्या कडेला. पुराचा लोंढा सपाट भिंतीवर आदळला तर सगळा जोर एकाच अंगावर येतो. टोकावर आला की दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. पुलाच्या खांबाला प्रवाहाच्या अंगाला टोक काढतात ते याच कारणासाठी. आपण समोरून दर्शन घेऊन परततो, म्हणून वर्षानुवर्षं देवळात जाऊनही ही भिंत पाहिलेली नसते. तुझ्या निबंधात ती आली तर घरचं माणूस लिहितंय हे कळेल.

घाट इथून साडेचार हजार मैलांवर बसून लिहायचा असेल तर आठवणीवर विसंबू नकोस. लहानपणी पाहिलेली पायरी आठवणीत हमखास उंच होते आणि पात्र रुंद. दादाला फोटोही नुसते मागू नकोस. मोबाइलची भिंग कडा ताणते आणि तो अरुंद उतार मैदानासारखा दिसतो. फोटोत माणूस उभा असू दे, म्हणजे माप कळेल. त्यापेक्षा त्याला नेमके प्रश्न विचार: आज पाण्यावर किती पायऱ्या कोरड्या आहेत, धुणं कितव्या पायरीवर चाललंय, शेवाळाची हिरवी रेघ कुठपर्यंत आहे, यंदाच्या पुराचा गाळ भिंतीवर किती वितींवर दिसतो. वीत म्हणजे साधारण नऊ इंच. पावसाळा, दिवाळी आणि चैत्र या तीन वेळच्या पाण्याच्या रेघा मांडल्यास की नदीचं वर्ष आपोआप उभं राहतं.

आता लंडनची थेम्स. खर्ड्यातला हा भाग जास्त कच्चा आहे, कारण तू ती फक्त पुलावरून पाहिली आहेस. वॉपिंग स्टेशनातून बाहेर पड, नदीकाठच्या रस्त्याने चालत गेलीस की ‘टाउन ऑफ रॅम्सगेट’ या जुन्या पबच्या कडेला एक बोळ आहे. बोळातून ज्या दगडी पायऱ्या नदीत उतरतात त्या ‘वॉपिंग ओल्ड स्टेअर्स’. पूजा नाही, धुणं नाही, पण आहे तो घाटच. एकेकाळी नावाडी इथून उतारू घेत. लंडनमधला तुझा घाट हाच कर.

फक्त एक फरक नीट समजून घे, सगळा निबंध त्यावर उभा राहील. कृष्णा वर्षातून एकदा चढते. थेम्स दिवसातून दोनदा. लंडन ब्रिजपाशी उधाणाला भरती-ओहोटीत सात मीटरपर्यंतचं अंतर पडतं, म्हणजे दुमजली घराएवढं पाणी सहा-साडेसहा तासांत येतं नाहीतर जातं. आणि ते उलटंही वाहतं. आपल्या गणपतीसारखी एकाच बाजूने निमुळती भिंत तिथे पुरणार नाही. ब्लॅकफ्रायर्सच्या पुलावर गेलीस तर खांबांवरचे कोरीव पक्षी बघ: समुद्राकडच्या अंगाला समुद्रपक्षी, वरच्या अंगाला गोड्या पाण्यातले. कुणाला तरी त्या दोन पाण्यांची दखल घ्यावीशी वाटली.

जायची वेळ अशी काढ. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास सांगतात, कारण भरती रोज साधारण पाऊण-पाऊण तास पुढे सरकते. मुंबईला पुनवेची भरती बाराच्या सुमारास; लंडन ब्रिजला तीच दोनच्या आसपास, तीही ग्रीनिचच्या वेळेने. तुमची घड्याळं अजून उन्हाळी वेळेवर आहेत, म्हणून तीन धर. काल कोजागिरी झाली. उधाण पुनवेनंतर एक-दोन दिवसांनी जास्त जोर धरतं. त्यामुळे या दोन-तीन दिवसांत तळ उघडा पडेल तो सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान. हा झाला आडाखा. निघण्यापूर्वी बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघच. आणि तक्ता ग्रीनिचच्या वेळेत आहे की उन्हाळी, हे आधी वाच. तुझ्या-माझ्या घड्याळात कधी साडेचार तास, कधी साडेपाच असतात, तोच एक तास इथे माणसाला पाण्यात उभा करतो.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोच. ओहोटी पूर्ण झाल्यावर अर्ध्या तासात वर ये, वही भरलेली असो वा नसो. पाणी चढायला उतरण्यापेक्षा कमी वेळ घेतं, आणि तुझी वाट एकच, त्या पायऱ्या. त्या झिजलेल्या आणि खालच्या हिरव्या शेवाळाने बुळबुळीत आहेत. भिंतीला धरून, पाऊल आडवं टाकत उतर. सपाट तळाचे बूट नकोत. एकटी जाऊ नकोस. खाली पांढऱ्या मातीच्या चिलमींच्या तुटक्या नळ्या दिसतील. वाकून बघ, पण उचलू नकोस. नदीतळावर शोधाशोध करायला बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो.

दुसऱ्यांदा भरतीला जा, तेव्हा फक्त वरून बघ. ज्या पायरीवर तू उभी होतीस ती किती पाण्याखाली गेली ते लिही. तारीख, तास, वारा, कोरड्या पायऱ्यांचा आकडा हे सगळं जागेवरच वहीत उतरव. खोलीवर परतल्यावर विशेषणंच सुचतात.

किंग हेन्रीज रोडचं १० नंबरचं घर शेवटी घातलं आहेस. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घेतलं, सगळं बरोबर आहे. लंडनवर लिहिणाऱ्या मराठी माणसाला ते टाळणं जड जातं हेही खरं. पण तू अजून तिथे गेलेली नाहीस, आणि निबंध ‘तुझ्या’ जागांवर आहे. चॉक फार्म स्टेशनापासून चालत दहा-एक मिनिटं. जाऊन ये, मग त्यावर वेगळं लिही. इथे चार ओळींत उरकलंस तर त्या घराचाही मान राहत नाही.

त्या जागी वाईजवळच्या मेणवलीची घंटा घे. वसईच्या मोहिमेत, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या फौजेच्या हाती लागलेली पोर्तुगीज घंटा आज कृष्णाकाठच्या देवळाजवळ टांगलेली आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. घर आणि परदेश असे दोन डबे करून लिहायची गरज नाही, एवढं ती एकटी सांगते. पण पाच-सहा ओळीच. नाहीतर ती निबंध पळवेल.

शब्द असे वाट: घाटाला सहाशे, वॉपिंगला सहाशे, उरलेले दोन पाण्यांना आणि घंटेला. ‘माझं मन भरून आलं’ तीन वेळा आहे, तिन्ही काढ.

देवळाच्या मागच्या भिंतीचं माप दादा उद्या पावलांनी घेणार आहे. त्याचं पाऊल अडीच फुटांचं, तुझं नव्हे, तेव्हा आकडा फुटांत करूनच लिही. वॉपिंगहून आल्यावर बूट धुऊन खिडकीत ठेव, हीटरवर नको.

तुझी
आई