मंत्रीसाहेब, चाकणला बनलेली गाडी परदेशी कशी हो?

मा. मंत्रीसाहेब,
सादर नमस्कार.

पत्रं लिहायची मला सवय नाही, सोसायटीच्या पाण्याच्या भांडणात सुद्धा मी ग्रुपवर नुसता अंगठा टाकतो. पण काल बंदरातून माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटचा फोन आला की जर्मनीहून आणलेल्या तुमच्या मोटरसायकलला कस्टम्सची जप्तीची नोटीस लागलीये, दंड भरून सोडवायची तर सोडवा. तेव्हापासून डोकं फिरलंय.

मी सहा वर्षं जर्मनीत होतो, श्टुटगार्टजवळ. तिथे २०२३ च्या जूनमध्ये केटीएम ३९० ड्यूक मोटरसायकल घेतली. नाव ऑस्ट्रियाचं, पण बनते चाकणला बजाजच्या प्लँटमध्ये, हे पुण्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल. माझे वडील चाकणच्याच एका व्हेंडरकडे बावीस वर्षं सीएनसी मशीनवर उभे होते. फोटो पाठवला तर म्हणाले, अरे ही आपल्या गावचीच की, तुझ्या मागोमाग तिकडे आली. मग परत येताना विकवेना. येडेपणा म्हणा हवं तर, इथे नवी घेतली असती तर स्वस्तात पडलं असतं, मलाही कळतं.

आता तुमचे नियम. बाहेर रजिस्टर झालेली जुनी गाडी, बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली पाहिजे. रजिस्ट्रेशनपासून नाही हं, बनल्यापासून! कोऱ्या गाडीला न्हावाशेवा, चेन्नई, कोलकाता, मुंद्रा अशी बंदरं उघडी, जुनीला मात्र फक्त मुंबई. निघायच्या आधी टेस्ट, उतरल्यावर परत टेस्ट, ती नगरला, नाहीतर पुण्याला वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत, नाहीतर थेट मध्य प्रदेशात बुधनीला. घरच्या सामानात टाकून आणता येत नाही, कारण १९६२ च्या कस्टम्स कायद्यात मोटार वाहन बॅगेजमध्ये धरतच नाहीत. आणि त्याच कायद्याचं कलम २० सांगतं की इथून बाहेर गेलेला माल परत आला की ड्युटी आणि अटी परदेशी मालासारख्याच. म्हणजे वेताळ टेकडीवरून जिचं गाव तासाभरावर, तिनं टेकडीवर जाऊन सिद्ध करायचं की मी भारतात चालायच्या लायकीची आहे.

हेडलाईटची तर वेगळीच कथा. तिकडे रस्त्याच्या उजवीकडून चालवतात म्हणून झोत उजवीकडे, आपल्या नियमाला डावीकडचा लागतो. मग इथला हेडलाईट चिंचवडच्या स्पेअरवाल्याकडून घेतला आणि आई माझ्याकडे येणार होती तिच्या बॅगेत, दोन नऊवारींत गुंडाळून, वर भाजणीचा डबा. काच शाबूत आली, डबा फुटला. तो दिवा मी स्वतः थंडीत बाल्कनीत बसून बसवलाय साहेब, त्याला अजून भाजणीचा वास येतो.

एवढं सगळं करून गाडी डिसेंबरात हॅम्बुर्गहून निघाली. निघण्याआधी एका कार्यालयाला ईमेल करून विचारलं होतं की तीन वर्षं कुठल्या तारखेपर्यंत मोजता. उत्तर आलं, बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल बोटीवर चढल्याच्या पावतीची तारीख धरतात, काळजी नको. प्रिंट आहे माझ्याकडे. बोट लाल समुद्र टाळून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आली, मध्ये एका बंदरात कंटेनर पडून राहिला. गाडी बनली ६ फेब्रुवारी २०२३ ला, बोट लागली १७ फेब्रुवारी २०२६ ला. तीन वर्षांवर ११ दिवस! आता त्याच कार्यालयातले दुसरे साहेब म्हणतात, ईमेल म्हणजे काही आदेश नव्हे. मग काय होता, शुभेच्छापत्र?

तिकडे ट्रम्प तात्यांनी त्यांच्या हार्ले मोटरसायकलींवरून आरडाओरडा केला, तर मोठ्या गाड्यांची ड्युटी २०१८ मध्ये ७५ वरून ५० टक्के झाली, आणि २०२५ च्या बजेटमध्ये बाहेरून आख्ख्या तयार येणाऱ्या नव्या गाड्यांना १६०० सीसीच्या वर ३०, खाली ४०. कंपन्यांना तर वर्षाला २,५०० गाड्या इथल्या होमोलोगेशनशिवाय, म्हणजे मॉडेल इथे तपासून पास करून न घेता, आणायची सोय आहे. माझी एक आहे हो, एकच. वर सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या पुढे ४० टक्के जीएसटी, तोही ड्युटी मिळवून वाढलेल्या रकमेवर. माझी ३७३ सीसी. तेवीस सीसीपायी मी पानमसाल्याच्या पंगतीला! आणि हा सगळा कर भरून जायचं कुठे तर चाकण चौकात, जिथे दुसरा गिअर पडत नाही. माझ्यासारखे अडकलेले आणखीही असतील, मी काही मोजायला गेलो नाही, तुम्ही पण गेला नसाल. परत या, देश बोलावतोय म्हणायचं आणि आलेल्याला खिडकी नंबर ४ वरून ९ वर पाठवायचं. आमचे वडील या खिडक्यांसमोर म्हातारे झाले, आता माझा नंबर.

मागणं दोनच. तीन वर्षं कुठल्या तारखेला संपतात ते एका ओळीत छापा. आणि उशीर बोटीचा असेल तर तो माणसाच्या माथी मारू नका. तोवर डेमरेज, म्हणजे बंदरात माल पडून राहिल्याचं भाडं, रिक्षाच्या मीटरसारखं पळतंय, दिवसाला तीन हजार आठशे.

आपला,
चिंचवडचा एक करदाता

ता. क. हे लिहीपर्यंत डेमरेजचं नवं बिल आलं. त्यात गाडीच्या पुढे ‘मूळ देश’ असा रकाना आहे आणि तिथे स्पष्ट टाइप केलंय, भारत.